अडचण

आईचं बारावं व्हायचं होतं आणि मी दादरला फ्लॅटचं टोकन द्यायला निघाले होते.

गिरगावच्या चाळीचा जिना आईला चढवेना, म्हणून आम्ही लिफ्टचं घर शोधत होतो. शिवाजी पार्कजवळचं हे घर तिने पाहिलं होतं. घराच्या मालकीणबाई आनंदीबाई आणि ती, दोघी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून कितीतरी वेळ लोणच्यावर बोलल्या होत्या. उतरताना आई म्हणाली, "हेच घे." आता ते दुसऱ्या कुणाला जाऊ देणं मला शक्य नव्हतं.

आमचा एजंट रघुवीर याने मला खालीच गाठलं. आनंदीबाई जुन्या वळणाच्या, सुतकातल्या माणसाकडून टोकन घेणार नाहीत, आणि दुसरी पार्टी तयार आहे, असं त्याचं म्हणणं. "आई गावाला गेल्यात म्हणायचं, ताई. बस."

वर जाऊन मी तसंच म्हटलं. आनंदीबाईंना ते खरं वाटलं. सुतकबितक आपण मानत नाही, असं मनाशी म्हणत मी चेक पुढे केला.

"माझ्या हातात नको," त्या म्हणाल्या. "आधी देवापुढे ठेव."

देव्हाऱ्यात समई तेवत होती. मी जवळ गेले आणि तिथेच उभी राहिले. मी मानत नव्हते, पण आई मानायची. हात पुढे जाईना.

आनंदीबाईंनी जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "अडचण आहे का गं?"

त्यांना पाळी म्हणायची होती. रघुवीर मोबाइलमध्ये बघू लागला. खरं सांगायला याहून सोपी वेळ मिळाली नसती.

"हो," मी म्हणाले.

"मग आधी नाही का सांगायचं?" त्यांनी स्वतः चेक देवापुढे ठेवला आणि माझ्या वतीने नमस्कार केला. माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती खाल्ली. मग त्यांनी आतून लोणच्याची बरणी आणली आणि रघुवीरकडे दिली. "हिच्या आईसाठी आहे. चेकचं काही नाही, पण लोणच्याला हिचा हात नको. नासतं. त्यांच्यापर्यंत चांगलं पोचू दे."

लिफ्टमध्ये रघुवीर म्हणाला, "मस्त सांभाळलंत." खाली आल्यावर त्याने बरणी माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला नाही.

"आता कसली अडचण, ताई?" तो हसत म्हणाला.

मी बरणी घेतली.