दुसरा गिअर सरळ खाली

मित्रांनो, गाडीत शिरलात की तुम्ही खिडकीसाठी भांडता, हॉर्न वाजवून बघता, स्टिअरिंग धरून तोंडाने घुर्रर्र करता. माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. चुकून कोणी हात लावलाच, तर मोठी माणसं लगेच ओरडतात. मी एका जुन्या गाडीच्या गिअरचा दांडा आहे. पुढच्या दोन सीटच्या मधोमध उभा असतो. डोक्यावर काळी गोल मूठ, कमरेला रेक्झिनचा झगा. मुठीवर पूर्वी आकडे होते, ते हातांच्या घामाने पुसले गेले. चाराचा तेवढा अर्धा दिसतो.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मी अगदी ताठ होतो. लोखंडाची सळई कापून, वाकवून, घासून मला घडवलं आणि पायाशी एक पांढरा प्लास्टिकचा बुश बसवला. बुश म्हणजे एक छोटं कडं, शर्टाच्या बटणाहून जेमतेम मोठं. त्याच्यात माझा पाय घट्ट बसतो, म्हणून मी डगमगत नाही. हा बुश लक्षात ठेवा बरं का, पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला पहिल्यात, दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात आणि रिव्हर्समध्ये टाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "वा, लोण्यासारखा आहे." आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. मी ते अजून विसरलेलो नाही.

मग मी एका घरी आलो. घरात बाबा, आई आणि एक लहान मुलगी. मुलगी एका जागी दोन क्षण बसायची नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. बाबा वायरमन. लोकांच्या घरी जाऊन दिवे, पंखे, बटणं दुरुस्त करायचे आणि वर त्यांनाच दम भरायचे, "सैल बटण वापरू नका, एक दिवस धूर निघेल!" आई घरी पडदे शिवायची आणि गिऱ्हाइकांकडे गाडीने पोचवायची. सुईमुळे तिच्या बोटांची टोकं कडक झाली होती, पण हात किती हलका! ती मला मुठीत आवळायची नाही. तळवा नुसता टेकवायची, आणि दुसरा गिअर सरळ खाली पडायचा. पडला की हळूच म्हणायची, "शाब्बास." ते शाब्बास ती स्वतःला म्हणायची की मला, हे मी कधी विचारलं नाही. मी अर्धं माझ्या नावावर लिहून घ्यायचो.

ते दिवस छान होते. मागच्या सीटवर पडद्यांचे गठ्ठे, त्यांच्यावर लोळणारी भिंगरी, आणि पुढे आई.

पण वर्षं कोणासाठी थांबतात? बाबांच्या खिशातले बारीक स्क्रू माझ्या झग्यात घरंगळायचे. एकदा चहाचा अख्खा कप माझ्या अंगावर सांडला. धूळ आत शिरली, चहाच्या साखरेने चिकट झाली. खालच्या सांध्यांमधलं ग्रीस वाळून गेलं. बुश झिजला, एका बाजूने फाटला, आणि मी डगमगू लागलो. गिअर टाकताना मी कटकट करत अडकायचो. माझी सगळी घरंही बोटभर सरकली होती. दुसरा जिथे असायला हवा, तिथे तो नव्हता.

हे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं.

"अहो, हा दांडा हलतोय. दुसरा नीट पडत नाही," ती म्हणाली.

"दांडा कसला हलतोय? तुझा हात जड आहे," बाबा हसून म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हसण्यावारी नेलेलं बोलणंही लागायचं तिथे लागतं हो.

एके दिवशी चढावर दुसरा गिअर पडला नाही आणि गाडी बंद पडली. मागे गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. आई घामाघूम झाली. शेजारी बसलेले बाबा म्हणाले, "उतर. मी घेतो. तुला नाही जमायचं हे." आई उतरली आणि पडद्यांच्या गठ्ठ्यांशेजारी मागे जाऊन बसली. ती बसली ती बसलीच. त्यानंतर ती पडदे पोचवायला बसने जाऊ लागली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की बाई, तुझं काही चुकलेलं नाही!

बाबांनी मात्र यातून एक युक्ती काढली. दुसरा हवा असेल तर मला आधी त्यांच्या गुडघ्याकडे ओढायचं आणि मग खाली एक हिसका द्यायचा. मग मी कुरकुरत का होईना, दुसऱ्यात जायचो. बाबांना त्याचा केवढा अभिमान! "माझी गाडी चोरालाही नेता येणार नाही," असं ते चार लोकांत सांगायचे. लोकही म्हणायचे, "हात बसलाय हो तुमचा." मी मात्र तुम्हाला सांगतो, तो हिसका बसला की माझ्या पायात कळ यायची.

भिंगरी मोठी झाली. शिकून परिचारिका झाली. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसांची मलमपट्टी करायला दवाखान्याची छोटी गाडी घेऊन फिरायचं, अशी तिला जागा मिळाली. एकच अट होती. रुजू होण्याआधी गाडी चालवण्याचं लायसन्स हवं. बाबांनी आनंदाने छाती फुगवली आणि तिला माझ्याशेजारी आणून बसवलं.

"हे बघ बाळ, आधी गुडघ्याकडे, मग हिसका. विसरायचं नाही."

ती विसरली नाही. कुठलीही गोष्ट मनापासून करायची तिची सवय. इतक्या वेळा तिने मला गुडघ्याकडे ओढलं, की शेवटी तिचा हात न सांगता तिकडे जाऊ लागला. बाबा शाबासकी देत होते आणि मी मनात म्हणत होतो, अरे देवा, हे काय शिकवताय!

परीक्षा दुसऱ्या गाडीत होती. ती गाडी धडधाकट होती. भिंगरीने तिच्यातला दांडा गुडघ्याकडे ओढला, खाली हिसका दिला आणि दुसऱ्याऐवजी चौथा पडला. गाडीने आचके दिले आणि भर चौकात बंद पडली. दुसऱ्या वेळीही तेच. दोन्ही वेळा ती नापास झाली. परत येताना ती माझ्याशेजारी बसून स्फुंदत होती.

"रडतेस काय? अजून सराव कर. सोमवारी तिसरी वेळ आहे," बाबा म्हणाले. वर म्हणाले, "हात जड आहे तुझा. आईवर गेलीस."

मागच्या सीटवर आई होती. 

सोमवारी नापास झाली असती, तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती. दवाखान्याने तसं स्पष्ट सांगितलं होतं. शनिवारी दुपारी बाबा कामावर गेले होते. भिंगरी अंगणात बंद गाडीत बसून मला ओढत होती. गुडघा, हिसका. गुडघा, हिसका. डोळ्यांतलं पाणी माझ्या मुठीवर पडत होतं. आई दोरीवरचे कपडे काढत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग कपड्यांचा ढीग तसाच कुंपणावर टाकून आली, आणि कितीतरी वर्षांनी पुढच्या सीटवर बसली.

"परीक्षेच्या गाडीत काय केलंस, मला करून दाखव."

भिंगरीने दाखवलं.

"गुडघ्याकडे का ओढलास?"

"दुसरा तसाच पडतो ना, आई!"

"नाही गं. मी चालवत होते तेव्हा दुसरा सरळ खाली पडायचा." आईने आपला तळवा तिच्या हातावर ठेवला आणि मला हलकेच खाली नेलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण नाही जाता आलं. मी कट्ट करून अडकलो. आईने मला दोन बोटांत धरून इकडून तिकडे हलवलं. मी सैल खुंटीसारखा डुगडुगलो. "बघ. माझा हात नाही हलत, हाच हलतोय. मी तेव्हाच म्हटलं होतं."

तेवढ्यात हत्यारांची पिशवी खांद्याला लावून बाबा आले. "काय चाललंय दोघींचं?"

"गाडी दुरुस्तीला न्यायची आहे. आत्ता," आई म्हणाली.

"काही झालेलं नाही गाडीला! रोज चालवतोय ना मी?"

"रोज चालवता, म्हणूनच तुम्हाला कळत नाही. लोकांना सैल बटण वापरू नका म्हणून दम देता, आणि घरात पोरीला सैल दांड्यावर शिकवता. एक दिवस धूर निघेल म्हणता ना? निघाला. तो बघा तिच्या डोळ्यांत."

बाबांनी मला धरून हलवून पाहिलं. एकदा, दोनदा. वायरमनचा हात तो, सैल काय आणि घट्ट काय त्याला लगेच समजतं. इतकी वर्षं त्यांनी मला असं नुसतं हलवून बघितलंच नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. पिशवी अंगणात ठेवून ते मुकाट्याने गाडीत बसले.

गॅरेज बाबांच्या बालमित्राचं. त्याचं नाव टिल्लू, आणि माणूस दारात वाकल्याशिवाय मावायचा नाही एवढा उंच. स्वतःला घडी घालून तो आत शिरला, माझी मूठ फिरवून काढली, झगा उचलला आणि हसत सुटला. आतून बाबांचे स्क्रू निघाले, मूठभर.

"अरे, तुझं दुकान सापडलं इथे!" मग त्याने फाटका बुश चिमटीत धरून वर केला. त्याचे तिथेच दोन तुकडे झाले. "हा बघ तुझा गुन्हेगार. आणि मीही काय शहाणा! ही गाडी कितीदा चालवली, तुझ्या हिसक्याची तारीफ करत बसलो, पण खाली वाकून बघितलं नाही."

मग त्याने माझ्यावर खरोखर माया केली. गाडीखाली झोपून सांधे उघडले, रॉकेल आणि ब्रशने जुना चिकटा घासून काढला. खालच्या सांध्यांतले झिजलेले बुश बदलले, ग्रीस भरलं. गिअरबॉक्समधलं तेल डांबरासारखं काळं झालं होतं, ते काढून नवीन ओतलं. माझ्या पायाशी नवा बुश बसवला. मला न्यूट्रलमध्ये उभं केलं, खालची जोडदांडी जुळवली आणि नट आवळला. किती दिवसांनी मी ताठ उभा राहिलो! माझी घरं मला परत मिळाली होती. मला रडूच आलं असतं, पण लोखंडाला रडायची सोय नाही.

रात्री टिल्लूनेच गाडी घरी आणून सोडली. रविवारभर भिंगरीने सराव केला. सवय सुटता सुटेना. हात गुडघ्याकडे निघाला की शेजारून आई म्हणायची, "सरळ खाली." संध्याकाळपर्यंत आईला बोलावं लागेनासं झालं.

सोमवारी भिंगरीच गाडी चालवत आली. ती आत गेली आणि आम्ही परीक्षेच्या मैदानाबाहेर उभे राहिलो. स्टिअरिंगपाशी आता बाबा, मागे आई. बाबा माझी मूठ उगाच पुसत होते. इतक्यात फाटकातून भिंगरी पळत आली. लहानपणी पळायची ना, तश्शीच.

"पास! बाबा, पास! आई, सरळ खाली पडला गं!"

आईने तिला खिडकीतूनच कवटाळलं. बाबांनी दोनदा नाक पुसलं आणि मोठ्या थाटात गाडी सुरू केली. पहिला टाकला. मग दुसऱ्यासाठी मला गुडघ्याकडे ओढून खाली हिसका दिला. मी कोण आता, धडधाकट दांडा! मी गेलो चौथ्यात. गाडी आचके देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. मागे हॉर्न वाजू लागले. भिंगरी शेजारच्या सीटवर तोंडावर हात ठेवून हसत होती.

बाबांनी गाडी बाजूला लावली आणि इंजिन बंद केलं. आरशात मागे बघितलं. मग खाली उतरून मागचं दार उघडलं.

"तू घे."

"मी?"

"तुझा हात बिघडलेला नाही. माझा बिघडलाय." मग ते एकदम थांबले. "अरे, पण तुझं लायसन्स... त्याची मुदत तर..."

आईने पर्स उघडली आणि लायसन्स काढून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी तारीख वाचली. पुन्हा वाचली.

"हे तू कधी करून घेतलंस?"

"दर वेळी. मुदत संपायच्या आधी."

बाबांनी ते जपून तिला परत दिलं. आई पुढे येऊन बसली, सीट पुढे घेतली. तळवा माझ्यावर टेकवला. तोच हात, तीच कडक बोटं. पहिला टाकला, गाडी निघाली. आणि मग दुसरा. मी सरळ खाली गेलो, लोण्यासारखा.

"शाब्बास," आई हळूच म्हणाली. या वेळी मी अर्धं मागितलं नाही. सगळं तिचंच होतं.

"तुझा हात जड नव्हता गं," मागून बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

"मला माहीत होतं," आई म्हणाली. "आता बोलू नका, मला गाडी चालवू द्या."

मित्रांनो, आता मागच्या सीटवर पुन्हा पडद्यांचे गठ्ठे असतात. बाबांना दुसरा गिअर अजून अधूनमधून चकवतो, आणि मग दोघी त्यांना शिकवतात. माझं म्हातारपण मजेत चाललंय. तुमच्या घरी एखादं दार, एखादी खुर्ची, एखादा माझ्यासारखा दांडा डुगडुगत असेल, तर त्याची सवय करून घेऊ नका. तो नीट करा. आणि कोणी म्हणालं की हे हलतंय, तर त्याला हसू नका. आधी खाली वाकून बघा. आईने सांगितलं होतं, तेव्हाच कोणी वाकून बघितलं असतं, तर तिला इतकी वर्षं मागे बसावं लागलं नसतं.