पाच मिलिमीटर

कोल्हापूरच्या शाहूपुरीत बाळासो इंगवल्यांची गुळाची अडत होती. पण त्यांचा खरा जीव अडतीच्या मागच्या पत्र्याच्या शेडात होता. तिथं उभी होती एकोणीसशे बावन्न सालची, दोनच सीटची, विलायती स्पोर्ट्सकार. कुण्या मोठ्या घरातनं फिरत फिरत ती शिरोळकडच्या एका गोठ्यात येऊन पडली होती. बाळासोंनी ती ट्रॉलीत घालून आणली तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. कोंबडी मालकाला परत दिली. गाडी मात्र चार वर्षं झाली तरी शेडातच होती.

दर रविवारी सकाळी नऊला तिघं जमायचे. एक बाळासो. दुसरे एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले हंबीरराव. तिसरे दिलदारचाचा, डेंटर. चाचा पत्र्यावर रुमाल पसरून त्यावरनं हात फिरवायचे आणि डोळ्यांना न दिसणारा पोचा बोटांनी हुडकायचे. रंग लाल द्यायचा का हिरवा, यावर तिघांची चार वर्षं भांडणं चालली होती आणि गाडीला अजून रंगाखालचं अस्तरसुद्धा लागलं नव्हतं.

चौथी होती अक्षता, बाळासोंची मुलगी, नववीतली. तिचं काम ठरलेलं, लोखंडी पाटीत रॉकेल ओतून नटबोल्ट धुवायचे. पण त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला आणि तिच्या अंगात वारं शिरलं. बक्षिसाचा कप शेडातल्या फळीवर ठेवून तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पप्पा, आजपासनं मी इंजिनावर काम करतो."

"भाषण देऊन इंजिन चालू हुतंय व्हय?" दिलदारचाचा म्हणाले.

"तुमच्या भांडणानं तर चार वर्षांत झालं न्हाय की."

हंबीरराव पोट धरून हसले. "घे पाना," ते म्हणाले. "फकस्त काय मोडलंस, तर परत रॉकेल."

आणि पहिल्याच रविवारी तिनं मोडलं. इंजिनाच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचं सव्वा फूट लांबीचं झाकण असतं. त्याचा नट आवळताना तिला वाटलं, अजून थोडा. मग वाटलं, अजून एकदाच. 'टक्' असा एवढासा आवाज आला आणि झाकण मधोमध तडकलं.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. बाळासोंनी नुसता तड्यावरनं अंगठा फिरवला. असलं झाकण कोल्हापुरात सोडा, मुंबईतही मिळणार नव्हतं.

"त्यात काय, ओतून घिऊया," दिलदारचाचा म्हणाले. "पंपाची बॉडी ओतत्यात, झाकण ओतायला काय झालं? पिराजीकडं जा."

बाळासोंनी तडकलेलं झाकण पोत्यात गुंडाळून लेकीच्या हातात दिलं. "मोडलंस तू, करून आणणार पण तूच. नवं झाकण बसलं, तर इंजिनावर राहायचं. न्हाय बसलं, तर दहावी संपेपर्यंत पाना मागायचा न्हाय."

पिराजी सुतारांचं दुकान उद्यमनगरात होतं, पण ते खुर्च्या-टेबलं करत नसत. ते लाकडाचे साचे करत. हुबेहूब झाकणासारखा लाकडी साचा करायचा, फौंड्रीवाले तो वाळूत दाबून काढून घेणार, आणि वाळूत जो ठसा राहील त्यात वितळलेला धातू ओतणार. पन्नास वर्षं पिराजीआबा हेच करत आले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलणं मोजकं. अक्षता आठवडाभर शाळा सुटली की सायकल मारत तिथं जायची. कसं धरायचं, लाकडाचा उभा धागा कुठं जातो, कानस कुठनं कुठं ओढायची, सगळं विचारून विचारून तिनं म्हाताऱ्याला भंडावून सोडलं. आबा उत्तरं देत नसत. नुसती कानस तिच्या हातात देत आणि चुकली की काढून घेत.

शनिवारी सागवानी साचा तयार झाला. फक्त पॉलिश राहिलं होतं. आबा जेवायला घरी गेले आणि अक्षतानं सहज मोजायचा टेप लावला. साचा जुन्या झाकणापेक्षा पाच मिलिमीटर लांब भरला.

तिनं पुन्हा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. पाचच.

तिला वाईट वाटलं. आबांची नजर गेली बहुतेक, त्या दोऱ्याच्या चष्म्यातनं काय दिसणार. आता म्हाताऱ्या माणसाला कशाला लाजवायचं? तिनं कानस घेतली आणि दोन्ही टोकं अडीच-अडीच मिलिमीटर घासली, काचकागदानं गुळगुळीत केली, भुसा फुंकून टाकला. टेप लावला. तंतोतंत. आबा आले, त्यांनी पॉलिश मारलं, साचा फौंड्रीत गेला. आपण कुणाचं तरी भलं केलं या आनंदात अक्षता घरापर्यंत दोन्ही हात सोडून सायकल चालवत आली.

आठवड्यानं, पुढच्या रविवारी आबा स्वतः चकाकतं झाकण घेऊन शेडात आले. सगळे इंजिनाभोवती गोळा झाले. आबांनी झाकण वर ठेवलं. मागची कड बसली आणि पुढनं फट राहून आतलं तेल दिसायला लागलं. झाकण आखूड होतं. पाच मिलिमीटर.

आबांनी झाकण उचललं, फिरवलं, परत ठेवलं.

"माझा हात चुकला," ते म्हणाले. "धातू गार झाला की आकसतो. म्हणून साचा तेवढा मोठा करायचा असतोय. ते राहिलं माझं. पन्नास वर्षांत एकदाबी राहिलं न्हवतं."

"हुतंय आबा कधीतरी," हंबीरराव म्हणाले.

"हुतंय म्हणजे संपलं. पुतण्या मागं लागलाय, दुकान दे, एसटीडी बूथ टाकतो म्हणून. सांगतो त्याला, घे बाबा." त्यांनी चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, पण परत घातला नाही.

बाळासो हळूच लेकीला म्हणाले, "तुझी काय चूक न्हाय यात. तू राहा इंजिनावर."

गप्प बसलं की झालं, पाना तिचाच. कुणाला संशयसुद्धा नव्हता. आबा मात्र झाकण परत पोत्यात गुंडाळायला लागले होते, आणि गाठ मारताना त्यांची बोटं, इतकी वर्षं न चुकलेली बोटं, दोनदा चुकली.

"आबा," ती म्हणाली. स्पर्धेतला तो खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. "साचा बरोबर होता. तुम्ही जेवायला गेल्यावर मी मोजला. पाच मिलिमीटर जास्त वाटला, म्हणून मीच घासला."

दिलदारचाचांनी रुमाल तोंडावर धरला. ते खोकत होते की हसत होते, कळत नव्हतं. बाळासोंचा चेहरा लाल झाला.

आबांनी चष्मा घातला. "कशानं घासलास?"

"कानशीनं. मग कागद."

"टोकाला घासताना साग चिरफाळतोय. कसा न्हाय चिरफाळला?"

"कडेकडनं आत ओढली. तुम्ही ओढता तशी."

"मी त्यावर पॉलिश मारलं," आबा म्हणाले. "पॉलिश मारताना टोकावरनं बोट फिरवतो मी. मलाबी कळलं न्हाय, म्हणजे हात बघा हिचा." मग ते बाळासोंकडं वळले. "हिला माझ्याकडं पाठवा. दुसरा साचा हीच करंल."

"आबा, ही मोडतोडच करती सगळी," बाळासो म्हणाले.

"करू दे की. मोजून मोडती."

आता हंबीररावांनाही हसू आवरेना. पण बाळासोंचा शब्द म्हणजे शब्द. झाकण बसलं नव्हतं, तेव्हा पाना गेला. अक्षतानं मान डोलवली. तोंड एवढंसं झालं होतं, पण पाना तिनं स्वतःच फळीवर नेऊन ठेवला.

सोमवारी आबांनी तिच्यासमोर एक जुनी पितळी पट्टी ठेवली. अक्षतानं ती कंपासपेटीतल्या पट्टीशेजारी लावली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आबा, ही चुकीची हाय. हिच्यातला इंच मोठा हाय."

"ॲल्युमिनियम आकसतंय तेवढाच मोठा. बिडाच्या लोखंडाची निराळी, ती तिकडं खिळ्याला." आबांनी लाकडाचा ठोकळा तिच्याकडं सरकवला. "हिनं मोजलंस, की आकसायचं किती ते धातू बघंल. पण टेप लावायचा न्हाय. टेप माझ्याकडं दे."

तिनं टेप दिला.

त्या आठवड्यात शाळेचा अभ्यास कुणी केला ते विचारू नका. गुरुवारी बाळासो अडत लवकर बंद करून उद्यमनगरात आले, सहज इकडनं चाललोतो म्हणाले. शुक्रवारी हंबीरराव आले, भज्यांचा पुडा घेऊन. शनिवारी तिघंही आले आणि दारात उभं राहून लाल का हिरवा यावर भांडायला लागले. झाकणाशिवाय इंजिन सुरू होणार नव्हतं, आणि झाकण नववीतल्या एका पोरीच्या कानशीखाली होतं.

"झालं का, अक्षू?" बाळासोंनी तिसऱ्यांदा विचारलं. "उद्या रविवार हाय. तू न्हाईस तर शेडात करमत न्हाय कुणाला. दहावीचं मी रागात बोललोतो, ते सोड. ये उद्या, पाना तुझाच."

अक्षतानं वर बघितलं नाही. तिनं टोकावरनं बोट फिरवलं, थांबली, आणि तिथंच पुन्हा फिरवलं.

"येतो की," ती म्हणाली. "पण उजेडातनं बाजूला व्हा जरा. ही कड अजून राहिलीया."

तिघंही गुमान बाजूला झाले.