तळघरातली त्रेसष्ट बाळंतपणं

आत्या सुईण होती. शहराला वेढा पडला त्या अकरा महिन्यांत तिनं शाळेच्या तळघरात बाळंतपणं केली. त्याविषयी विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर असे, माझ्या हातून पोरं गेली, त्यात काय सांगायचं?

भाची त्याच दिवसांवर पुस्तक लिहीत होती, आणि आत्याचं प्रकरण काही केल्या पुढे सरकेना. आत्या पाचच बाळांबद्दल बोले. कुणाची आई कशी गप्प बसली, कुणाला कुठल्या टॉवेलात गुंडाळलं, सगळं तोंडपाठ. लिहून काढलं की पानभर नुसता अंधार उतरे. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही, असं भाचीला वाटत राही.

शेवटी तिनं नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात आठवडाभर धूळ खाल्ली, तेव्हा कुठे जन्म-मृत्यूची वही हाती लागली. तळघरात त्रेसष्ट मुलं जन्मली होती. प्रत्येकापुढे तारीख, वजन आणि आत्याची तिरकी सही. वेढा उठला तेव्हा त्यांतली अठ्ठावन्न जिवंत होती. उरलेल्या शहरात त्याच महिन्यांत तिनांतलं एक मूल दगावलं होतं. त्या मानानं तळघरातली एकवीस गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत्याकडे गेली. आत्या वाटाणे सोलत बसली होती. भाचीनं आकडे सांगितले, आणि यातलं काही मी पदरचं घातलेलं नाही, हेही सांगून टाकलं. आत्याचे हात थांबले.

"अठ्ठावन्न?"

"अठ्ठावन्न. तू कधी मोजलीच नाहीस?"

"जगलेली पोरं आया घेऊन जातात गं," आत्या म्हणाली. "गेलेली आपल्यापाशी राहतात."

पालथ्या हातानं तिनं डोळे पुसले. मग बजावलं, पुस्तकात अठ्ठावन्न घाल, पण पाचांना गाळू नकोस. भाचीनं शब्द दिला. आत्यानं मग तिनं उतरवून आणलेली वजनं वाचायला लावली. बाराव्या नोंदीला, पावणेचार किलोला, तिला एकदम हसू फुटलं.

"तो होय! भोंगाच होता मेला. तो रडला की विमानं आली समजून रस्त्यावरचे लोक खाली धावत यायचे."

भाचीनं घाईघाईनं आपली लिहायची वही उघडली. दुपार झाली तेव्हा त्या दोघी एकोणिसाव्या बाळापर्यंत पोचल्या होत्या, आणि वाटाणे तसेच पडले होते.