माडावरून कोणी पडलं नाही

आरोग्य खात्याची जीप आंजर्ल्याच्या अलीकडे वाडीच्या तोंडाशी थांबली, तेव्हा मालन पडवीत तांदूळ निवडत होती. आत बाजेवर तिचा नवरा भिकाजी पडून होता. दसऱ्याच्या सुमारास खाडीपलीकडच्या बागेत नारळ पाडताना तो माडावरून खाली आला आणि कमरेखालचं त्याचं अंग गेलं. दवाखान्यात त्याला नेलंच नाही. हाडवैद्याने पाला बांधला आणि घरच्यांनी बाहेर सांगितलं, वाताने धरलंय. कारण पडलेल्या माणसाच्या घरातल्या कोणालाही, देवळात गुरवाने कौल घेतल्याशिवाय, माडावर चढू देत नसत. आणि तो कौल शिमग्यापर्यंत लागत नसे. घर आता धाकटा दीर रामा याच्या चढण्यावर चाललं होतं.

सरकारी योजनेतून, पंच्याऐंशी साली, गावातल्या काही पाडेल्यांना, म्हणजे नारळ पाडणाऱ्यांना, कमरेचे पट्टे मिळाले होते. पट्टा माडाभोवती अडकवायचा. पाय सुटला तरी माणूस लोंबकळत राहतो. भिकाजीपर्यंत पट्टे पुरले नव्हते. पुढच्या खेपेत रामाचं नाव होतं. ती खेप येणार की नाही, ते आज पुण्याहून आलेल्या डॉक्टर केळुसकरांच्या हातात होतं. योजनेचा उपयोग झाला का, हे खात्याबाहेरच्या माणसाने तपासावं असं ठरलं होतं.

आरोग्यसेवक महिपतने आधीच घरोघर बजावलं होतं, "सायबांसमोर वायट बोलू नका. शेरा चांगला पडला तर पट्टे येतील."

गाव तसंच बोललं. डॉक्टर मालनच्या पडवीत टेकले. बरोबर बागायतदार नाना लिमये होते. रामा त्यांच्याच बागेत चढे.

"या दोन-तीन वर्षांत कोणी पडलं का हो?"

"छे!" नाना म्हणाले. "आमचे पाडेली म्हणजे वानरं. पडतील कसले? विचारा या रामाला."

"पडलो तर नाना आणि वरून ओरडतील," रामा म्हणाला. "त्या भ्यानंच पडत नाय."

सगळे हसले. डॉक्टरही हसले.

"म्हणजे अपघात उरलेच नाहीत," ते म्हणाले. "मग इथे आणखी पट्ट्यांची गरज नाही. पुढचा निधी लोट्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी द्यावा, असं मी सुचवीन."

महिपत गोंधळला. "सायब, पण शेरा चांगला ना?"

"उत्तम. म्हणून तर."

मालनचा सुपातला हात थांबला. तिने रामाकडे पाहिलं. तो अजून हसतच होता.

"सायब," ती म्हणाली, "आमच्या घरात पडलंय मानूस."

"वहिनी!"

"गप रे. तुला बी तसाच उचलून आणू काय?"

नानांचं हसू गेलं. डॉक्टर उठून आत आले आणि बाजेशी वाकले.

"तुम्ही माडावरून पडलात?"

भिकाजीची नजर डॉक्टरांच्या खांद्यावरून दाराकडे गेली. दारात नाना उभे होते.

"नाय सायब. वात हाय. बायको येड्यावानी बोलते. पट्ट्याची आशा लागलीय तिला."

"पाय हलवून दाखवता?"

"थंडीचं नाय हलत."

डॉक्टरांनी त्याच्या पायांवरून हात फिरवला. त्यांना कळलं नसेल असं म्हणवत नाही. मग त्यांनी महिपतला विचारलं, "दवाखान्यात काही नोंद?"

"नाय."

"नोंद नाही, माणूस स्वतः नाही म्हणतो. बाई, मी काय लिहू?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. जीप गेली.

नाना अंगणाच्या बेड्याशी, फाटकापाशी, थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "रामा, उद्यापासून येऊ नकोस. कौल होऊ दे. माझं काही नाही रे, पण देवाचं आहे."

रामाने मान हलवली. बेडं लावून घेऊन तो तिथेच उभा राहिला.

मालन पेजेचं भांडं घेऊन आत आली.

"गेले?" भिकाजीने विचारलं.

"गेले."

"नानांना पटलं ना गो?"

तिने त्याच्या मानेखाली हात घालून त्याला थोडं उचललं, भांडं ओठांना लावलं.

"पटलं."

"मग बरं झालं," एक घोट घेऊन तो म्हणाला. "रामाला उद्या येरवाळी उठव. उशीर झाला की नाना कावतात."