साखर दिली की नाही

हंबीररावांनी सतराव्या पेटीखाली हात घातला आणि मागच्या बाजूने ती बोटभर उचलून पाहिली. मधाने भरलेली पेटी अशी सहज उचलली जात नाही. ही रिकाम्या खोक्यासारखी वर आली. झाकण काढलं, तर माशा चौकटींना चिकटून गप्प बसलेल्या आणि तळाला मूठभर मेलेल्या. सकाळपासूनची अशी ही अकरावी पेटी.

"आवं, साखरपाणी द्या की," मागून मनुबाई म्हणाल्या. नवऱ्याला त्या आठ दिवस हेच सांगत होत्या. "मुकी जितराबं उपाशी मरत्यात आन् तुमी कागुद धरून बसलाय."

हंबीररावांनी झाकण परत लावलं. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. सही केली म्हणजे केली, एवढंच त्यांना ठाऊक. आणि सही त्यांनी केली होती मध आंबवून दारू करणाऱ्या सांगलीकडच्या एका कंपनीच्या करारावर. या दारूला रान नांगरावं लागत नाही, कालव्याचं पाणी लागत नाही, फुलं आणि माशा जगल्या की झालं, असं कंपनीवाले सांगत. हंबीररावांना ते मनापासून पटलं होतं. मुख्य अटी दोन. अर्धा मध माशांसाठी पेटीतच ठेवायचा आणि माशांना साखर कधीही द्यायची नाही. बाटलीवर त्यांचा फेट्यातला फोटो छापून आला, तेव्हा गावाने थट्टा करायची ती केलीच. कँटीनची रमसुद्धा दुसऱ्याला देऊन टाकणारे सुभेदार आता थेट बाटलीवर जाऊन बसले, असं लोक चारचौघांत म्हणत.

अर्धा मध त्यांनी ठेवला होता. माशांनी तो जानेवारी लागायच्या आतच संपवला, कारण फुलंच कुठे होती? विट्याच्या या अंगाला कालव्याचं पाणी आलं तशी करडई गेली, सूर्यफूल गेलं, कारळं तर नावालाही उरलं नाही. बघावं तिकडे ऊस. पेट्या माण तालुक्यात न्याव्यात, तर तिकडे यंदा पावसाने तोंडच दाखवलं नव्हतं. चौफेर साखर उभी, मधोमध माशा उपाशी, आणि त्यांना ती द्यायची बंदी.

दुपारी सबा आली. मिरजेची ही मुलगी कंपनीसाठी मधाचे नमुने न्यायची. एरवी आल्या आल्या मनुबाईंकडे चहा मागणारी, आज दारातच उभी राहिली. डिसेंबरात काढलेला मध तपासणीत नापास झाला होता. त्यात उसाची साखर निघाली होती.

आपण चिमूटभरही घातली नाही, हे हंबीररावांनी तिला सांगितलं, आणि सांगता सांगताच माशा रोज कुठल्या दिशेला उडतात ते त्यांना एकाएकी उमगलं. ते तिला घेऊन बांधाने निघाले.

बांधापलीकडे धाकट्या भावाचं, दादासोचं, गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस उकळत होता. रसाच्या टाकीवर माशांचा थर बसला होता आणि गूळ करणारा गुळव्या मळीबरोबर मेलेल्या माशा काढून बाजूला टाकत होता. तिथे त्यांचा चांगला ढीग झाला होता; रसाला गेलेल्यांतल्या निम्म्या पेटीत परततच नसाव्यात.

"तुमच्याच हायत, आबा," दादासो म्हणाला. "दिवाळीपासनं येत्यात. घरच्याच म्हणून म्या कवा काय बोललो न्हाई."

सबा ढिगापाशी बसली. कंपनीचा नियम तिने खालच्या आवाजात सांगितला, पेट्या उसापासून तीन किलोमीटर दूर हव्यात. हंबीररावांनी सभोवार पाहिलं. तिनेही पाहिलं आणि पिशवीतून कागद काढला. तिच्या हातातल्या कागदावर दोनच चौकोन होते. साखर दिली. साखर दिली नाही.

"न्हाई दिली म्हनून लिवलं तर?"

"तर पुन्हा नमुना, पुन्हा तपासणी. दोन महिने तरी जातील. तोवर अटी तशाच."

"दोन महिन्यांत एक माशी राहायची न्हाई. आन् दिली म्हनून लिवलं तर?"

"करार आजच संपेल, काका. मग माशांना काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण ते खोटं होईल. तुम्ही दिली नाहीत, हे मला दिसतंय ना."

हंबीररावांनी ढिगातली एक मेलेली माशी तळहातावर घेतली. दादासो गुऱ्हाळ बंद करणार नव्हता. त्याने तरी का करावं? जमीन सामाईक होती, त्या उसात त्यांचाही वाटा होता.

"खोट्यावर म्या कवा सही केली न्हाई," ते म्हणाले. "वाईच दम धर."

घरी आल्यावर त्यांनी मनुबाईंना साखर भिजवायला सांगितलं. मनुबाईंनी लगेच पातेलं उतरवलं. हंबीररावांनी स्वतःच्या हाताने एकेका पेटीत पातेल्यातलं साखरपाणी वाटीत ओतून ठेवलं, माशा बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकल्या. माशा हळूहळू काड्यांवर उतरल्या आणि प्यायला लागल्या. सबा कागद धरून उभी होती. शेवटच्या पेटीचं झाकण लावून ते तिच्यापाशी आले आणि त्यांनी धोतराला हात पुसले.

"आता लिव, दिली म्हनून," ते म्हणाले. "तारीख आजची घाल."

तिने चौकोनात खूण केली. हंबीररावांनी सही केली. नावाआधी ते दरवेळी सुभेदार लिहीत, ते आज त्यांनी लिहिलं नाही.