निळीचा माठ

जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या कापड रंगवायच्या माठात हूरबाईने काठी बुडवून फिरवली. वर आलेलं पाणी निळं होतं. जिवंत माठाचं पाणी पिवळट हिरवं असतं, वर तांबूस साय धरलेली असते. इथे सायीचा पत्ताच नव्हता.

तिचे सासरे सिदीकबापा मांडीचं हाड मोडून भुजच्या इस्पितळात पडले होते. जाताना अकरा वर्षं जगवलेला माठ त्यांनी धाकट्या मुलाला डावलून सुनेच्या हाती दिला. माठ मेला तर पुन्हा तिला कोणी रंगाजवळ फिरकू देणार नव्हतं.

"गेला ना?" दीर हासम दारातून म्हणाला. त्याच्या हातात हायड्रोचा डबा होता. ती पावडर टाकली की तासाभरात नीळ विरघळते, पण माठातला एकही जिवाणू वाचत नाही. "बाईमाणसाचा हात लागला की असंच व्हायचं."

"गेला नाही. उपाशी असेल."

"परवा गूळ घातलास, काल घातलास. किती खातात गं भाभी तुझे पाहुणे?"

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. जिवाणू गूळ खातात, त्यातून ताकद मिळवतात, वाढतात आणि त्याच उलाढालीत निळीला पाण्यात विरघळवतात. म्हणून माठ मंदावला की गूळ, एवढंच तिने लक्षात ठेवलं होतं. आताही तिने खडा उचललाच होता.

बापा मात्र गूळ घालण्याआधी माठातला एक थेंब जिभेवर ठेवत. तिला त्या वासाचीच किळस यायची, म्हणून दोन्ही दिवस तिने ते टाळलं होतं. तिने डोळे मिटून बोट चाटलं. आधी गोड लागलं, मग आंबट.

गोड, म्हणजे गूळ तसाच पडून होता. आधी खाऊन स्वतःच केलेल्या आंबटात जिवाणू गुदमरत होते, आणि ती वर आणखी गूळ वाढतच सुटली होती. तिला स्वतःचाच संताप आला.

"उद्या दुपारच्या नमाजपर्यंत थांब," ती म्हणाली. "नाही उठला तर तूच ओत तो डबा."

आंबटपणा मारायला तिने चुन्याची निवळी वाटीभर ओतली, ढवळली, चाखली. मग दुसरी वाटी. चुना जास्त झाला तरी ते मरणारच होते. तिसऱ्या वाटीला जीभ चुरचुरली तशी ती थांबली आणि ऊब टिकावी म्हणून माठाच्या तोंडावर गोधड्या पांघरल्या. हासम येता-जाता विचारत होता, "मयताचा फातिहा पढून घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारची नमाज आटोपून तो थेट आला, डब्याचं झाकण उघडूनच. हूरबाईने चिंधी बुडवली. चिंधी बाहेर आली ती पिवळट हिरवी, आणि हवा लागताच कडांकडून निळी होत गेली.

हासमने डब्याचं झाकण लावलं. मग डबा खाली ठेवून त्याने हळूच विचारलं, "भाभी, आता काय घालू यांना?"

"काही नको. आधीचं वाढलेलं जेवू दे."