कमलाक्षीचा जबडा

“परत सुजलां,” म्हणत कमलाक्षीनं गालावरचा पदर काढला, तेव्हा कृष्णनाथानं आधी दुकानाबाहेर पाहिलं. समोरच्या दवाखान्यातून कोणी बघत तर नाही ना!

पेडण्याच्या बाजारात त्याचं औषधांचं दुकान वीस वर्षांचं. दाढ ठणकली की इब्रामपूरपासून माणसं यायची, त्याला बाब म्हणायची. तो कॅप्सुलांची पुडी द्यायचा, सूज उतरायची आणि त्याची स्वारी दिवसभर खुशीत असायची. मग गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्याच महिन्यात नार्व्याच्या सिद्धेश डॉक्टरनं समोर दातांचा दवाखाना थाटला, आणि कृष्णनाथाच्या पोटात दुखायला लागलं. कालचा पोरगा, हातात एक चिमटा, आणि लोक म्हणे देवमाणूस! त्यातही जिव्हारी लागलं ते बायकोचं, कमलाक्षीचं बोलणं. डॉक्टरचा हात हलका आहे म्हणतात, एकदा दाखवू का, असं तिनं साधेपणानं विचारलं होतं. दोन दिवस तो तिच्याशी धड बोलला नाही.

वर्षभरात त्यानं तिला चारदा कॅप्सूल दिल्या. दरवेळी सूज उतरे, तो लढाई जिंकल्यासारखा तिच्याकडे बघे, आणि दोन महिन्यांनी गाल पुन्हा वर येई. आज पाचवी पुडी त्यानं पुढे सरकवली. तिनं पुडीला हात लावला नाही. चपला घातल्या आणि सरळ रस्ता ओलांडला. त्याच्याच्यानं राहवेना, तोही मागोमाग गेला.

डॉक्टरनं एक्स-रे खिडकीशी धरला. जबड्याच्या हाडात सुपारीएवढी काळी पोकळी होती.

“गोळीचं औषध रक्ताबरोबर फिरतं,” तो म्हणाला. “भोवतालच्या मांसात पोचतं, म्हणून सूज उतरते. पण ही बंद पिशवी आहे. आत रक्त जात नाही, तिथं औषध पुरेसं पोचणार कसं? ती काढायलाच हवी होती. वर्षात हाड पोखरलंय. आता तीन दात जातील.”

कमलाक्षी पापणी न लववता ऐकत होती. एके काळी ती आपलं असं ऐकायची, हे आठवून कृष्णनाथ त्याही घटकेला जळला.

गोळ्या दिल्या कोणी, असं डॉक्टरनं विचारलं.

“मियांच घेतल्यो,” ती म्हणाली. “आपल्या मनान.”

औषधवाल्याच्या बायकोनं असं करावं, म्हणून डॉक्टर तिला बरंच बोलला. तिनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. कृष्णनाथाला गप्प बसणं सोपं होतं. बाजारात नाव शाबूत राहिलं असतं.

“मियां दिल्यो, डॉक्टर,” तो म्हणाला. “हिका तुमच्याकडे येवक नको म्हणान.”

डॉक्टरनं मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली. वर पाहिलं नाही.

पायरी उतरताना कमलाक्षी हळूच म्हणाली, “कित्याक सांगलात? तेवडां मियां सोसलां असतां.”

दुकानापुढे तीन माणसं ताटकळली होती, त्यांनी बाब म्हणून हाका मारल्या. भर बाजारात त्यानं बायकोचा हात धरला आणि तो बस स्टँडकडे चालू लागला.